२८ अंगठे, २१ माणसं : कोथरूडमधल्या एका सोसायटीचं प्रकरण

कोथरूडमधली ही सोसायटी १९८०च्या दशकात उभी राहिलेली. तीन इमारती, तळमजला धरून चार मजले, मजल्यावर तीन घरं, म्हणजे एकूण ३६ सदनिका आणि ३६ सभासद. लिफ्ट नाही. ज्यांनी चाळिशीच्या आत असताना ही घरं घेतली ते आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत आणि तिसरा मजला दरवर्षी उंच होत चाललाय. गच्चीवरून गळतं, पाण्याचे नळ जुने झालेत, दोनचाकींसाठी केलेल्या जागेत चारचाकी उभ्या असतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, वाढीव बांधकामाचं गणित बदललं आणि कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या पट्ट्यात जुन्या सोसायट्यांच्या फाटकाशी बिल्डरांच्या गाड्या थांबू लागल्या. इथेही थांबल्या.

२०२३च्या पावसाळ्यात सेक्रेटरींनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश टाकला. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे भाषा तशीच : ‘आपल्या संस्थेच्या पुनर्विकासास सर्व सभासदांची तत्त्वतः संमती आहे असे समजावे काय? कृपया प्रतिसाद द्यावा.’ रात्रीपर्यंत त्या संदेशाखाली २८ अंगठे उमटले. विरोधात एकही शब्द नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लाडूचं चित्र टाकलं.

पुढे रीतसर विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. पुनर्विकासाच्या सभांना राज्य सरकारने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी काढलेले निर्देश लागू होतात. त्यानुसार गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध व्हायला, दोन तृतीयांश सभासद लागतात, म्हणजे इथे २४. ठराव मंजूर व्हायला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के बाजूने हवेत, म्हणजे १९. हॉल घेतला, व्हिडिओवाल्याला बोलावलं, कारण चित्रीकरणही नियमात आहे. पाऊण तास वाट पाहिली. हजेरीपटावर सह्या पडल्या २१. सभा तहकूब झाली. व्हिडिओवाल्याने पूर्ण पैसे घेतले.

सेक्रेटरींचं म्हणणं, लोकांनी शब्द फिरवला. लोकांचं म्हणणं, आम्ही शब्द दिलाच कधी? पुढचे तीन महिने सोसायटीत जे झालं त्याला भांडण हा शब्द सौम्य आहे. समितीने नंतर मला कागदपत्रं लावायला आणि घरोघरी बोलायला सोबत घेतलं. या प्रकरणाशी माझा संबंध तेवढाच. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

२८ म्हणजे नक्की किती

पहिल्यांदा आम्ही ते २८ अंगठे मोजायला बसलो. कोणी दिला ते संदेशावर बोट ठेवलं की दिसतं, त्यामुळे काम सोपं वाटलं होतं. सोपं नव्हतं, कारण निम्म्या नंबरांना नावं नव्हती. कुणाच्या नावाच्या जागी ‘जय श्रीराम’, कुणाच्या जागी नुसता सूर्यफुलाचा फोटो. शेवटी जुन्या सभासदांना बसवून यादी पुरी केली.

ग्रुपवर नंबर होते ६१. घरं ३६. तरीही चार सभासद ग्रुपवर नव्हतेच : दोघांकडे बटणांचा फोन, एक आजारी, एक रागावून बाहेर पडलेले.

२८ पैकी तीन अंगठे भाडेकरूंचे होते. त्यांना पुनर्विकास झाला तर घर सोडावं लागणार, तरी त्यांनी अंगठा दिला, कारण ग्रुपवर काही आलं की अंगठा द्यायचा ही त्यांची रीत. सहा अंगठे बाहेरगावी आणि परदेशी असलेल्या मुलामुलींचे. चार घरांतून नवरा-बायको दोघांनीही दिले होते, ते झाले आठ. उरलेले अकरा एकेका घरातून एकेक. मुलांपैकी दोघांच्या घरून आईवडिलांचाही अंगठा होता, बाकी चार घरांच्या वतीने फक्त मुलंच बोलली होती. म्हणजे स्वतः राहणाऱ्या आणि मालकी असलेल्या माणसांनी बाजू घेतली असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल अशी घरं भरली १५. ठरावालाही कमी, गणपूर्तीला तर फारच कमी.

त्या पंधरांनाही विचारलं. काहींनी सरळ सांगितलं की अंगठा म्हणजे ‘वाचलं’. एका काकांचं उत्तर मला विशेष वाटलं : “अहो, नाही दिला तर सेक्रेटरी रात्री फोन करतात, ‘बघितलं का’ म्हणून.” संमतीचा अंगठा आणि पिच्छा सोडवायचा अंगठा दिसायला एकच असतात.

या घोळात ही सोसायटी एकटी नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या न्यायालयाने एक निकाल दिला. जवस विकत घेणाऱ्या कंपनीने शेतकऱ्याला कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि करार पक्का करा म्हणून लिहिलं. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. माल दिला नाही. न्यायालयात तो म्हणाला, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. न्यायालयाने तो अंगठा सही धरला आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. दोघांमध्ये आधीही असेच व्यवहार झाले होते, ही बाब तिथे महत्त्वाची ठरली. ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींच्या बाजूच्या एकाने टाकली, ‘आता तरी बोध घ्या’ असं लिहून. त्या बातमीलाही नऊ अंगठे आले.

इथे मात्र कायदा वेगळा बोलतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाने मत स्वतः द्यायचं असतं, दुसऱ्याला पाठवून नाही. त्यामुळे ग्रुपवर २८ असोत की ५८, कागदावर त्याची किंमत शून्य. हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी ते आकडे कायद्यासाठी मागितलेच नव्हते. त्यांना वातावरण बघायचं होतं, आणि वातावरण चुकीचं दिसलं, हे खरं दुखणं.

नंबर घराचा की माणसाचा

हे का झालं याची उत्तरं बहुतेक जण ‘लोकांना वेळ नाही’ किंवा ‘तरुण पिढीला देणंघेणं नाही’ अशी देतात. मला ती पटत नाहीत. ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे तेच इथे सर्वांत जास्त चुकले. माझ्या मते गोष्ट टेलिफोनच्या नंबरात आहे.

सोसायटीच्या कपाटात १९८०च्या दशकातलं सभासदांचं जुनं रजिस्टर आहे. त्यात फोनचा रकाना आहे, आणि तो बहुतेक रिकामा आहे. तीन-चार ठिकाणी सहा आकडी नंबर, आणि बऱ्याच ओळींवर तोच तो एक नंबर, पुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरं, म्हणजे निरोपासाठी शेजाऱ्याचा नंबर. पहिल्या मजल्यावर एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे फोन होता, कारण डॉक्टरांना लवकर मिळे. बाकीचे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत. इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या लग्नाच्या, नोकरीच्या, मृत्यूच्या बातम्या डॉक्टरांच्या बैठकीतून आल्या. फोन आला की डॉक्टरीणबाई जिन्यातून हाक मारत. म्हणजे निरोप कुणासाठी आहे आणि तो कुणापर्यंत पोचला हे सगळ्या जिन्याला ठाऊक असे. खासगीपणा नावाला नव्हता, हेही सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकात घरोघरी फोन आले. मग एसटीडीचे पिवळे बूथ, रात्री दर उतरल्यावर लागणाऱ्या रांगा. पण तेव्हाही नंबर घराचाच होता. फोन उचलणारा ‘हॅलो’ म्हणाला की तो त्या घरातर्फे बोलत असे, आणि तो आठ वर्षांचा असेल तर “आईला दे” म्हणता येई. सोसायटीची रचनाही अशीच, एका घराला एक मत. फोनची यादी आणि मतदारांची यादी एकाला एक जुळत होती, हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

मोबाइलने हे मोडलं, पण लगेच नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतरही बरीच वर्षं येणाऱ्या कॉललासुद्धा पैसे पडत होते. कर्त्या पुरुषाच्या कमरेला एक हँडसेट, एवढीच मजल. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि मग आईलाही, कॉलेजातल्या मुलीलाही, कामाच्या मावशींनाही नंबर परवडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मुलांनी जुने स्मार्टफोन आईवडिलांना दिले. २०२० च्या टाळेबंदीत भाजीपासून सत्संगापर्यंत सगळं फोनवर आल्यावर ज्यांनी तोवर टाळलं होतं तेही शिकले. या सोसायटीचा ग्रुप खऱ्या अर्थाने चालू झाला तो तेव्हाच : दूध कधी येणार, कुठल्या इमारतीत रुग्ण सापडला, पुढच्या वर्षी लसीचं केंद्र कुठे.

तोवर नंबर माणसाचा झाला होता, सोसायटी मात्र घरांचीच राहिली होती. ग्रुपमध्ये ज्याने ‘मला ॲड करा’ म्हटलं त्याला घेतलं. बी-५ मधले सभासद, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून असे चार नंबर, चौघांच्या शब्दाला सारखंच वजन. आणि शेजारी बी-६ मधल्या ज्या बाईंच्या नावावर घर आहे त्यांचा एकही नाही, कारण त्यांचा फोन भाची वापरते.

जिन्यातली सोसायटी

पूर्वीची पद्धत सांगितली की ऐकणारा लगेच हळवा होतो, म्हणून जपून सांगतो. नोटीस टाइप व्हायची, वॉचमन ती आणि एक वही घेऊन घरोघर जायचा, प्रत्येक जण वहीत सही करायचा. ज्याची सही नाही त्याला निरोप पोचला नाही, हे वही उघडताच कळे. वॉचमन परत जाई. घर बंद असेल तर शेजारी सांगत, “गाणगापूरला गेलेत, सोमवारी येतील.” ग्रुपवर हे होत नाही असं नाही. निळ्या खुणा २०१४ पासून आहेत, कोणी वाचलं याची यादीही दिसते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरून पीडीएफ पाठवून बजावलेली नोटीस ग्राह्य धरली, ती उघडल्याचं त्या निळ्या खुणांवरून दिसत होतं म्हणून. पण ६१ नंबरांच्या ग्रुपवर ती यादी उघडून न वाचणाऱ्याच्या दारात जायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. वॉचमनची वही ही कुणाची तरी नोकरी होती.

आता दुसरी बाजू. त्या जुन्या सभांना बायका जवळजवळ नसतच. १९९० च्या दशकातल्या हजेरीच्या वह्या मी पाहिल्या, सही करणारे सगळे पुरुष, एखादी विधवा सभासद सोडून. घर नवऱ्याच्या नावावर, सभा रात्री साडेनऊला, आणि त्या वेळी ओटा आवरायचा असतो. ग्रुपवर बायका बोलू लागल्या. पाण्याच्या टाकीचा हिशेब मागणारी पहिली माणूस सी इमारतीतली एक गृहिणी होती, तिने तो दुपारी तीन वाजता मागितला. मुंबईत आणि बंगळूरमध्ये राहणारे सभासद, ज्यांची घरं इथे बंद आहेत, त्यांना दहा वर्षांत पहिल्यांदा सोसायटीत काय चाललंय ते कळू लागलं. ग्रुप बंद करा म्हणणाऱ्या काकांना मी हेच सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

जिन्यातली सोसायटी संपलेली नाही, फक्त ती आता सभासदांपेक्षा इतरांमध्ये जास्त जिवंत आहे. या तीन इमारतींत सात घरी काम करणाऱ्या एक मावशी आहेत. कुणाचं घर बिल्डरला द्यायला तयार आहे, कुणाचं नाही, कुठल्या घरात नवरा-बायकोचं दुमत आहे, हे त्यांना अंगठ्यांच्या दिवशीही बिनचूक माहीत होतं. नंतर आम्ही घरोघर जाऊन जी यादी केली ती त्यांच्या अंदाजापेक्षा दोन-तीन घरांनीच वेगळी निघाली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचंही नव्हतं, हे माझं मत. ज्या घरात आपण काम करतो तिथलं बाहेर न सांगणं ही त्यांची पत आहे.

तळमजल्यावरच्या आजी

प्रकरणातला सर्वांत अवघड भाग एका घराचा आहे. तळमजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहतात. शाळेत शिक्षिका होत्या. यजमान गेल्यानंतर शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं एकटीचं नाव लागलं. मुलगा कॅलिफोर्नियात. फोन रोज, व्हिडिओवर. पूर्वी रविवारी सकाळी एकदा फोन यायचा, मिनिटं मोजून. आता तो सकाळी ऑफिसला जाताना गाडीतून बोलतो तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आजी डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या असतात. मुलगा आईची आबाळ करतो असं कुणीही म्हणणार नाही.

तो ग्रुपवर आहे. अंगठ्यांच्या दिवशी त्याने अंगठ्यासोबत लिहिलंही होतं : ‘आईची पूर्ण तयारी आहे. लवकरात लवकर प्रोसेस सुरू करा.’ पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आजींनी ते सकाळी सहाला वाचलं.

त्यांची तयारी नव्हती. नाही म्हणायचंही नव्हतं. त्यांचे प्रश्न होते. बांधकाम चालू असताना भाड्याच्या घरात जायचं तर ते कुठे मिळणार? बँक, डॉक्टर, वाणी सगळं आज पायी पाच मिनिटांत आहे. नवं घर कितव्या मजल्यावर? वीज गेली तर लिफ्टचं काय? आणि एक प्रश्न त्यांनी फार हळू विचारला, तोही तिसऱ्या भेटीत : “नवे कागद होताना घर माझ्याच नावावर राहील ना?”

हे त्यांनी ग्रुपवर का लिहिलं नाही? त्यांच्याच शब्दांत : “पोराने लिहिलंय त्याच्या खाली मी त्याच्याविरुद्ध लिहू? साठ जणांसमोर?” मग मुलाला फोनवर का नाही सांगितलं? “तो गाडी चालवत असतो.”

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या प्रकरणाबद्दल ऐकलेल्या प्रत्येकाने मुलाला दोष दिला आणि मला तो पुरेसा वाटत नाही. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याने दोन महिन्यांपूर्वी विचारलं होतं, “आई, रिडेव्हलपमेंट झालं तर चांगलंच ना?” आणि ती “हो रे” म्हणाली होती. त्या ‘हो रे’ला घरात जागा होती. ते दुसऱ्या दिवशी बदलता आलं असतं, चहा पिता पिता त्याला फाटे फुटले असते. त्याने ते उचलून ग्रुपवर ठेवलं आणि त्याची घोषणा झाली. पूर्वी घरातलं अर्धवट बोलणं सभेपर्यंत जायला घरातलाच माणूस उठून जावा लागे आणि जाताना तो बदलत असे. आता त्याला एक क्षण पुरतो. सभेच्या दिवशी आजी गेल्या नाहीत. ‘नाही’ म्हणायचं नव्हतं आणि ‘हो’ही म्हणायचं नव्हतं, तेव्हा न जाणं हा एकच मार्ग त्यांना दिसला. गैरहजर १५ जणांपैकी आणखी तीन घरं थोड्याफार फरकाने अशीच निघाली. काही जण मात्र निव्वळ या समजुतीत घरी बसले होते : “ग्रुपवर हो म्हटलंय की.”

सभा फसल्यावर

पुढचं भांडण थोडक्यात सांगतो, कारण ते कुठल्याही ग्रुपवरच्या भांडणासारखं होतं. सेक्रेटरींनी गैरहजरांची यादी टाकली. एकाने चार मिनिटांचा आवाजी संदेश पाठवला, तो पुन्हा पुन्हा ऐकला गेला. एकाने रात्री लिहिलं आणि सकाळी पुसलं, तोवर स्क्रीनशॉट तिसऱ्या इमारतीत पोचला होता. ‘फक्त ओनर्स’ नावाचा दुसरा ग्रुप निघाला, मग त्यातल्या विरोधकांचा तिसरा. बिल्डरला २८ अंगठ्यांचा स्क्रीनशॉट कुणी दिला याचा तपास अजून चालू आहे. संदेश वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत अशी सोय व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये केली. पोचल्यावर ते कोण पुढे पाठवेल यावर तिचा इलाज नाही.

त्यातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. सेक्रेटरी घाबरले होते. ग्रुपवर कुणी काही लिहिलं तर ॲडमिनवर केस होते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तिखट संदेश दिसला की ते पुसून टाकत. ॲडमिनला दुसऱ्याचे संदेश पुसता येतात ही सोय २०२२ मध्ये आली होती. पुसलेल्या जागी ‘ॲडमिनने हटवला’ असं दिसतं, आणि न वाचलेला संदेश वाचलेल्यापेक्षा भयंकर वाटतो. लोकांना खात्री पटली की पैशांचं काहीतरी लपवलं जातंय. वास्तविक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केलं होतं की दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तो निकाल वकील असलेल्या एका सभासदाने त्यांना दाखवला तेव्हा बराच उशीर झाला होता. सेक्रेटरींनी राजीनामा दिला. अप्रामाणिक माणूस नव्हता, हे मी वह्या पाहून सांगतो.

आणखी एक गोंधळ पुण्यातच होऊ शकतो. ग्रुपवर संदेश गेला : ‘पहिल्या टप्प्यात पीएमसी नेमायची आहे.’ पुनर्विकासात पीएमसी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. पण पुण्यात ती अक्षरं महापालिकेच्या गाडीवर, पावतीवर, कचऱ्याच्या डब्यावर असतात. दोन-तीन ज्येष्ठांची समजूत झाली की महापालिका सोसायटी ताब्यात घेणार. समोरासमोर कुणी हे बोललं असतं तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून चूक दोन सेकंदांत कळली असती.

दुसरी फेरी

नव्या समितीत दोन बायका आल्या. त्यातली एक टाकीचा हिशेब मागणारी. दोघींनी सुरुवातीला ग्रुपचं काय करायचं हे ठरवलंच नाही, आधी घरोघर जायचं ठरवलं. दोघी-दोघं मिळून, संध्याकाळी सहा ते आठ, फोन पिशवीत. प्रत्येक घरी तीनच प्रश्न : तुमच्या मनात काय आहे, भीती कसली आहे, आणि आणखी काय कळलं तर ठरवता येईल. उत्तर लिहून तिथेच वाचून दाखवायचं. सही मागायची नाही. पहिल्या भेटीत बहुतेकांनी सभेत बोलल्यासारखं गोलमोल सांगितलं. दुसऱ्यांदा गेल्यावर खरं निघालं. सर्वांत मोठी काळजी चौरस फुटांची नव्हती, भाडं वेळेवर मिळेल का याची होती, आणि एकटं राहणाऱ्यांना घर बदलण्याचीच.

परदेशातल्या मुलांना बाहेर ठेवणं हा उपाय नव्हता. रविवारी सकाळी आठ वाजता त्यांच्यासाठी झूमवर बैठक घेतली. उन्हाळ्यात तेव्हा कॅलिफोर्नियात शनिवारचे संध्याकाळचे साडेसात असतात, न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा. अट एकच : मुलांनी स्वतःचं मत सांगायचं, आईवडिलांचं नाही. फुकटच्या झूमची ४० मिनिटांची मर्यादा समितीला वरदान ठरली. आजींच्या मुलाने त्या बैठकीत थेट विचारलं, “आई काय म्हणाली तुम्हाला?” समितीतल्या बाईंनी सांगितलं, “ते तुम्ही त्यांना विचारा, पण गाडीतून नको.” त्याने विचारलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात आजींनी समितीला चिठ्ठी दिली : नवा करार माझ्याच नावाने होईल आणि तात्पुरतं घर कोथरूडमध्येच मिळेल हे लिहून मिळत असेल तर माझी हरकत नाही.

ग्रुपचा निकाल मग लागला. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटी सोयीत दोन ग्रुप केले. एक सूचनांचा, घरटी एकच नंबर, लिहायचं फक्त समितीने. दुसरा मोकळा, त्यात कुणीही यावं, वाढदिवस, भाजी, हरवलेली मांजर. मत आजमावायला ग्रुप वापरायचा नाही असा ठराव झाला. मतदानाची जी सोय व्हॉट्सॲपमध्ये २०२२ च्या अखेरीस आली तीही नको, कारण तिथेही एका घराची चार मतं पडतात. वॉचमनची वही कपाटातून काढली. वॉचमन आता एजन्सीचा, दर तीन महिन्यांनी बदलतो, त्याला सभासद कोण आणि भाडेकरू कोण हे ठाऊक नसतं. म्हणून वही घेऊन समितीतलेच लोक फिरतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या दारावर कागद जातो, मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या सभेला ३० सभासद आले. २४ बाजूने, ४ विरोधात, दोघे तटस्थ. आजी पहिल्या रांगेत होत्या. विरोधातल्या चौघांचं म्हणणं इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं, हेही पूर्वी होत नसे. ठराव एवढाच होता की पुनर्विकास करायचा आणि सल्लागार नेमून व्यवहार्यता अहवाल मागवायचा. बिल्डर ठरलेला नाही.

त्या अहवालाची पीडीएफ सूचनांच्या ग्रुपवर टाकली तेव्हा दोन दिवसांत सगळ्यांच्या खुणा निळ्या झाल्या. किती जणांनी वाचला? समितीने छापील प्रती काढून ठेवल्या, हव्या असतील त्यांनी न्याव्यात म्हणून. नेणाऱ्यांत बहुतेक ज्येष्ठ होते आणि दोन भाडेकरू.

आता बिल्डर निवडायची सभा आहे. तिला सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो, त्यामुळे तारीख एकदा ठरली की हलवणं सोपं नाही. परदेशातली मुलं म्हणतात, डिसेंबरात ठेवा, आम्हाला सुट्ट्या असतात, आईवडिलांच्या शेजारी बसू. समितीतल्या दोघींचं म्हणणं, मत देणारे इथेच राहतात, त्यांच्या सोयीची तारीख घ्या, आणि शेजारी बसण्यावरून पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. हा वाद सध्या मोकळ्या ग्रुपवर चालू आहे. मत आजमावायला ग्रुप वापरायचा नाही या ठरावाची आठवण एकाने करून दिली, तिला १४ अंगठे आलेत.